पाण्याचं तोंड

पटकथेत एकच ओळ आहे:
‘कोरड्या गिरणेतून म्हातारा चालतो. त्याच्या मागून पाणी.’
लिहायला अर्धं मिनिट लागलं होतं.
चौथं वर्ष चाललंय.

पहिल्या वर्षी आवर्तन पोचलं रात्री दोनला.
हेमराज माईक धरून वाळूत, मी टॉर्च धरून,
आणि अंधारात पायांपाशी काहीतरी आलं, थंड,
झोपेत कुणी पांघरूण ओढावं तसं.
आवाज मिळाला. चित्र नाही.

दुसऱ्या वर्षी भरदुपारी, लख्ख उन्हात.
कॅमेरा पाचोऱ्याला होता, एका हळदीत,
मी नवरदेवाच्या मावशीला सांगत होतो, जरा उजेडात या.
हळदीच्या पैशांतून कॅमेऱ्याचा हप्ता जातो,
आणि पाणी नेमकं लग्नसराईत सुटतं.

तिसऱ्या वर्षी धरणच भरलं नाही.
मी एडिटिंगला बसलो, म्हणजे बघत बसलो:
सुपडू भोई विडी पेटवतो,
सुपडू भोई विडी पेटवतो,
सातव्यांदा काडी विझते आणि तो सरळ माझ्याकडे बघतो,
कॅमेऱ्यात बघू नका असं शंभरदा सांगूनही.
तो तुकडा कापला. ठेवला. कापला.
कळण्याची भाकरी ताटात वाळली
तरी तो खिशात काडी शोधतच होता.

बाजारात विचारतात, तुना पिच्चर कवय हुई रे भो?
पाणी येऊ द्या, म्हणतो.
त्यांना वाटतं टाळतोय.

आप्पांनी एकदाच विचारलं, गोष्ट काय त्यात?
सांगितली. नदीला पाणी सोडतात तेव्हा
एक माणूस पुढे चालत गावोगाव सांगत जातो,
गुरं काढा, मोटारी काढा, वाळूत निजलेली पोरं उचला.
मग?
मग काही नाही. चालतो.
आप्पांनी चष्मा पुसला. म्हणाले, हां.
त्या ‘हां’वर मी एक अख्खं वर्ष काढलं.

यंदा पाटबंधारेतल्या वाघभाऊंचा फोन:
सोडलंय. उद्या आठ-नऊला भडगावात. माझं नाव घेऊ नका.
सुपडूबाबा सुरतेहून आले, पोराकडून,
रात्रभर गाडीत बसून, गुडघ्याला पट्टा.
तेच धोतर, तीच टोपी,
पुढचे दोन दात मात्र मधल्या वर्षांत गेलेले.
तोंड मिटून चालायला सांग, हेमराज म्हणाला.

पावणेनऊला दिसलं.
लाट नव्हे. रांगतं पोर यावं तसं, मातकट,
काठाला फेस, आणि पुढे ढकलत आणलेलं सगळं:
बाभळीच्या शेंगा, एक निळी चप्पल,
कुठल्याशा पंगतीच्या पत्रावळी.
त्याच्याही पुढे मुंग्या पळत होत्या.
हेमराजनं हेडफोन कानावर दाबला.
वाळू पितेय, कुजबुजला. ऐकू येतंय.

चला बाबा.

चालले. अकरा पावलं.
मग वळले, कॅमेऱ्याकडे पाठ केली
आणि बसले. तिथंच, वाळूत.
चपला काढून मांडीवर घेतल्या.
मी तोंड उघडलं,
हेमराजनं हात वर केला: आवाज चालू आहे.
पाणी बाबांच्या पायांशी आलं,
जरा अडलं,
आणि दोन्ही अंगांनी निघून गेलं.

नंतर विचारलं, बसलात कशाला?
माझ्याकडे असे बघितले, जसा मी काडी मागितली होती.
‘आते पानी चाली राह्यनं. मी कसाले चालू?’

रात्री कार्ड लावलं.
फ्रेम थोडी तिरकी. उजव्या कोपऱ्यात आमची डब्याची पिशवी.
अकराव्या पावलाला फोकस सुटतो आणि परत येतो,
कसा, मला आठवत नाही.
आप्पा मागे येऊन उभे होते. कधीपासून, कोण जाणे.
ते काही बोलले नाहीत, ‘हां’सुद्धा नाही,
खुर्ची ओढली फक्त.

मेमध्ये अजून एक आवर्तन आहे.
त्याच आठवड्यात यावलचं लग्न, ॲडव्हान्स घेऊन खर्चलेला.
परत घ्यावा का शॉट?
हेमराज म्हणतो, घेऊ की.
पिशवी तेवढी उचल.