अर्धा वाव

गोव्याहून आणलेली ती देवबागच्या धक्क्याला लागली
तेव्हा आम्ही चौघं आधी काहीच बोललो नाही.
लवू टिकमने बोटांच्या पेरांनी तिची कूस वाजवली,
शहाळं वाजवतात तशी.
"पोकळ नाय," म्हणाला. खूश होऊन नव्हे.

विकणारा पोरगा भला होता, कपाळावर घाम, हातात फाईल.
दोन इंजिनं, दीडशे-दीडशे घोड्यांची,
बत्तीस फूट, चौदा माणसं, फ्रिज,
पाण्याखालचा मासा दाखवणारा पडदा,
आणि संडास, ज्याचं दार त्याने तीनदा उघडून दाखवलं.
तळाला पाणी लागतं फक्त तीन फूट.
अर्धा वाव, मी मनात म्हटलं.

पास्कलने इंजिनाच्या झाकणात मान घातली
ती हिशेब घेऊनच बाहेर काढली:
"तासाक पन्नास लिटर. डॉल्फिन दिसो नायतर न दिसो."

रजनी, माझी बायको, पांढऱ्या गादीवर बसली,
पाय अधांतरी. तिने एकच विचारलं:
"पाणी उपसूचा डबडा खंय ठेवूचा?"
पोरगा हसला. पंप आहे काकी, आपोआप चालतो.
"आणि तो नाय चल्लो तर?"
फाईलमध्ये याचं पान नव्हतं.

अठ्ठेचाळीस लाख.
माणशी चारशे, मोसमाचे दिवस एकशे ऐंशी,
त्यातले वाऱ्याचे वजा, जत्रेचे वजा,
इंजिन रुसण्याचे वजा.
पलीकडे वाळूत माझी जुनी होडी कलंडलेली,
तिची कुठली फळी रडते ते मला झोपेतही सांगता येईल.
हिची रडायची जागा कोणती?

चाचणीला निघालो तेव्हा सुकती संपत आलेली.
कर्लीच्या मुखाशी वाळू रातोरात जागा बदलते,
आम्हाला ठाऊक होतं, तिच्या पडद्याला नव्हतं.
सुकाणू पोराच्या हातात.
सांगता आलं असतं. पण जरा बघायचंच होतं.
म्हैस चिखलात बसावी तसे
अठ्ठेचाळीस लाख अलगद वाळूवर बसले.

तीन तास.
त्या तीन तासांत खरी बोट कळली:
छपराची सावली सहांनाच पुरते,
फ्रिजात नुसती माहितीपत्रकं,
ती वाचून आम्ही वारा घेतला.
रजनीने पिशवीतून घावणे काढले, पोराला दोन जास्त.
लवू संडासात जाऊन आला आणि गप्प बसला,
म्हणजे आवडला.
"काका, कंपनीला सांगू नका," पोरगा म्हणाला.
आम्ही त्याचं पहिलंच गिऱ्हाईक.

मग कडेने बुडबुडे, तळाखाली सळसळ,
आणि ती उचलली गेली, इतकी हलकी
की इंजिन चालू कर असं कुणालाच म्हणवेना.
"पंचेचाळीस," लवू पाण्याकडे बघत म्हणाला.
पोरगा फाईल शोधू लागला.
रजनी त्याच फाईलवर बसली होती. ती उठली,
गादी उचलली, खालच्या खोबणीत वीत टाकली,
एक, दीड.
"हंय," म्हणाली. "डबडा हंय ऱ्हवात."