सातवी वाटी

मी बर्फाच्या कारखान्यात कामाला.
वेंगुर्ला बंदर, जेटीच्या डाव्या अंगाला.
दिवसभर लाद्या आकड्याने ओढायच्या, फोडायच्या,
होड्यांच्या पोटात ढकलायच्या.
आणि घरी
सहा वाट्या सरबत गोठवता येईना.

रातांबे शमिकाने फोडले.
म्हणजे मी फोडले,
तिने बिया चोखल्या
आणि रिकाम्या सालींत साखर भरली,
अंगठ्याने, जीव खाऊन,
निम्मी सालींत, निम्मी लादीवर.
मुंग्यांना कोण कळवतं कोणास ठाऊक.

मग तीन दिवस बरणी उन्हात.
ऊन सरकलं की ही बरणी सरकवणार,
दोन्ही हातांनी पोटाशी धरून,
तिची आई चालायची ना, गेल्या महिन्यापर्यंत,
अगदी तशी.

चौथ्या दिवशी रस गाळला.
पाणी, जिरं, मिठाची चिमूट.
वाट्या मांडल्या, चमचे उभे केले,
ते कडेला कलंडले.
"एक आवशीक, एक माका, एक तुका,
एक रोजीबायक..."
सहापर्यंत नीट मोजते, पुढे थेट दहा.
"आणि बाळाक?"
बाळ कुडाळच्या हॉस्पिटलात, पाच दिवसांचं,
अजून नावसुद्धा नाही,
पण वाटी पाहिजे.
सातवी काढली. चहाची बशी निघाली ती.
तरी तिला वाटीच म्हणायचं ठरलं.

"बाबा, गोठला?"
"नाय गो. उघडू नको सारखो फ्रीज, गारवो जाता."
"खंय जाता?"

सतरा वर्षं मी गारवा विकतोय.
मालकाने विचारलं नाही, तांडेलाने विचारलं नाही,
लाद्या उचलणाऱ्या पोरांनी तर नाहीच.
मी म्हटलं, "भायर."
ती दारात जाऊन उभी राहिली,
हात पुढे करून.

अडीचला लाइट गेली.
साडेतीन. चार.
फ्रीजमधलं जांभळं पाणी हललं की नुसतं हसायचं.
शमिका रडली नाही,
फ्रीजच्या दाराला पाठ लावून बसली,
कोणी आत जाऊ नये म्हणून,
की बाहेर.

शेवटी स्कूटर काढली.
कारखान्याच्या जनरेटरवरचा अर्धा गोणपाट बर्फ,
रात्रपाळीच्या गावड्याला सांगून.
घरी आणून मुसळाने ठेचला,
मोठ्या टोपात ओतला, वर खडेमीठ, मूठमूठ.
"मीठ कित्याक?"
"मीठ घातला की बर्फाक थंडी वाजता."
हे मला शाळेत नाही शिकवलं,
कारखान्यात मिठाच्या पाण्यातच डबे बुडवलेले असतात,
पण असं कधी बोललो नव्हतो मी.
सहा वाट्यांतलं डब्यात ओतलं,
डबा बर्फात रोवला,
आणि ती फिरवत बसली,
डावीकडे, उजवीकडे, जिभेचं टोक बाहेर.
हात लाल झाले. तिच्या कोपराला
गोणपाटावरचा बांगड्याचा खवला चिकटला होता,
चांदीचा. मी काढला नाही.

झाकण उघडलं तेव्हा
धड कुल्फी नव्हे, धड सरबत नव्हे,
नदीकाठच्या चिखलासारखं काहीतरी, जांभळं.
रोजीबाय कुंपणावरून म्हणाली,
"कसला मेल्यांनो हां?"
आणि दोनदा घेतलं.
आवशीच्या वाटणीचं आम्ही दोघांनीच संपवलं.
ते तिला सांगायचं नाही, असंही ठरलं.

बशी तेवढी फ्रीजमध्ये राहिली.
रात्री कधीतरी लाइट आली,
फ्रीज गुरगुरला,
मी झोपेतच ऐकलं.

सकाळी बशी दगड. चमचा आडवा, रुतलेला.
"कुडाळाक पोचतली?"
"नाय. वाटेतच वितळतली."
तिने थोडा विचार केला.
"मगे गारवो खंय जाता तां बघूया."

फडक्यात गुंडाळलेला डबा तिच्या मांडीवर,
ती माझ्यापुढे, स्कूटरच्या फळीवर, गुडघे जुळवून बसलेली.
मठपर्यंत तीनदा झाकण उघडलं.
मी थांबवलं नाही.
वारा उलटा होता,
दर वेळी थोडंसं
माझ्या हनुवटीला लागत होतं.