तिसरी पायरी

औलूमध्ये डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवस मिटतो.
आम्ही पाच जण, डांबराच्या जुन्या वखारीत,
कॉफीचं चौथं भांडं चढवून
एकाच प्रश्नाभोवती बसलो होतो:
सोळा वर्षं जे आपला खेळ खेळत आलेत
त्यांना द्यायचं काय?

हेन्रिक्की म्हणाला, सोनेरी झगा.
सोइले म्हणाली, नावापुढे तारा,
म्हणजे नवख्यांना कळेल, वाट कुणाला द्यायची.
मी म्हणाले, मुळात द्यायचंच का?
त्यांनी पैसे मोजले, आपण समुद्र दिला.
हिशेब तिथेच मिटला.
पंगतीत आधी बसला म्हणून
कुणाला लाडू जास्त मिळतो का?

बोलले खरं, पण माझ्या टेबलावर
केमीहून आलेलं पत्र होतं. कागदावरचं, शाईचं.
लिहिणारा यालमारी, कागद कारखान्यात रात्रपाळीला.

"तुमचा समुद्र पहिल्या वर्षी कसा होता, आठवतं?
होड्या धक्क्यातून आरपार जायच्या.
मासे झाडांना लटकायचे.
दर शुक्रवारी सगळं कोसळायचं, आणि आम्ही
काळ्या पडद्यासमोर बसून राहायचो,
ऑपरेशन थिएटरबाहेर बसतात तसे.
तेव्हा पैसे परत मागितले असते
तर तुमचं भाडं थकलं असतं.
उपकार केले असं म्हणत नाही.
पण मला गिऱ्हाईक म्हणू नका."

आणि तळाशी, वेगळ्या पेनानं:
"झगाबिगा नको.
दीपगृहाची तिसरी पायरी परत द्या."

तिसरी पायरी.
ती माझी चूक. एक उणे चिन्ह राहून गेलं होतं,
पहाटेचे चार, नाक गळतंय, वय तेवीस.
तिच्यावर पाय ठेवला की माणूस
जिन्यातून थेट समुद्राखाली पडायचा,
जिथे आम्ही काहीच रचलं नव्हतं:
नुसता हिरवा उजेड, आणि वर होड्यांची पोटं.
तिसऱ्या वर्षी मी ती दुरुस्त केली.
केक कापला होता आम्ही.
मला कुठे ठाऊक, की तिथे खाली
एकोणीस जण भेटायचे, गुरुवारी,
काहीही न करता,
कारण करण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

आठ रात्री मी माझीच चूक शोधत होते.
जुनी फाइल गेलेली, जुनं यंत्र भंगारात.
हात बरोबर लिहायला इतका सरावलाय
की चुकीचं लिहिताना अडखळतो.
कधी माणूस छत फोडून उडे,
कधी पायरीत कमरेपर्यंत रुतून बसे,
कधी, सगळ्यात वाईट,
सरळ वर चढून जाई.
नवव्या रात्री पडला.

एकोणिसांतले अकरा आले.
उरलेल्या आठांबद्दल कुणी विचारलं नाही.
एकेक जण पायरीवर थांबला, आणि पडला.
हिरवा उजेड. होड्यांची पोटं.
बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.
मग यालमारी: "पूर्वी जरा हळू पडायचो."
आणखी कुणी: "हो. आणि हिरवा गढूळ होता."
मी खुर्चीतच अंग चोरलं.

तेवढ्यात वरून कुणीतरी धपकन आलं.
तासाभरापूर्वीचं खातं,
अंगावर फुकटचा मळका सदरा.
"मी मेले का?" तिनं विचारलं. "कुठे आले मी ही?"

सोइले कानाशी कुजबुजली,
हे फक्त जुन्यांसाठी होतं ना? काढू तिला बाहेर?
माझा हात माउसवर गेला,
तोवर ते अकरा जण सरकले होते.
मधे एकीपुरती जागा.
"बस," यालमारीनं लिहिलं. "इथे काही नाहीये."

झगे हेन्रिक्कीनं वाटलेच. काहींनी हौसेनं घातले.
आपण कुणाचं काही देणं लागतो का,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
उणे चिन्हाच्या जागी मात्र रिकामी जागा आहे,
आणि शेजारी, पुढे कधी माझ्या खुर्चीत बसेल
त्याच्यासाठी, एक ओळ:
दुरुस्त करू नये.