शिवणीतली माया

वही अजून आहे माझ्याकडे.
पान सत्तेचाळीस: रेजिनल्ड प्लाकीस.
छाती चाळीस, कंबर चौतीस,
आणि खालचा एक आकडा खोडून पुन्हा लिहिलेला,
कारण तू श्वास आत ओढून उभा होतास
आणि मी म्हटलं होतं, सोड.
माप खोटं दिलंस तर झगा खरं बोलेल.

साल चौसष्ट. केपटाउन, हॅनोवर स्ट्रीटच्या वळणावर
माझं दुकान एवढंसं
की मी दारात उभा राहिलो तर उजेड अडायचा.
दिवसा विजारी, लग्नाचे कोट, मयतीचे कोट,
तेच कधी कधी, काळ्या फितीचा फरक.
रात्री फळ्या लावायच्या, दिवा खाली ओढायचा
आणि तुमचं काम काढायचं.

शुक्रवारी नमाजाला शेजारी बसणारा खाटीक विचारायचा,
सादिक, बाहीला हे काय चमकतंय?
मासळीचं खवलं, मी म्हणायचो.
तो हसायचा. त्याचीच मेहुणी
तुमच्या नाचाची तिकिटं विकायची.

खवलं खरं तर तुझ्या बाहीला असायचं.
डबाबंद माशांच्या कारखान्यातून थेट यायचास,
लिंबाने हात घासून, तरी वास राहायचाच,
पत्र्याच्या धारेने बोटं चिरलेली.
म्हणून ते कोपरापर्यंतचे हातमोजे.
लोक म्हणायचे, काय थाट आहे!
मी तळव्यांना दुहेरी अस्तर लावलं होतं,
रक्त वर येऊ नये म्हणून.

पिकल्या पेरूच्या गराच्या रंगाचं साटीन.
तू आरशासमोर आलास,
मी पाठीवरची चेन वर ओढली
आणि तू वळलीस.
तोंडात टाचण्या होत्या माझ्या.
बरंच झालं.

त्या शनिवारी डोंगरावरून वारा सुटला होता,
आमचा तो आग्नेयेचा, छपरं मोजणारा.
हॉलच्या पायऱ्यांवर तुझा घेर शिडासारखा फुगला
आणि गल्लीतली चार पोरं तो धरायला धावली:
डोलोरेस! डोलोरेस!
मॉफी म्हणायचे तुम्हाला तिथे,
शिवी म्हणून, हाक म्हणून, लाडाने सुद्धा;
कुठलं कुठलं ते आवाजावरून ओळखायचं.
आत सॅक्सोफोन, घाम, पावडर,
दारात कुणाची तरी मावशी तळलेले गोड पेढे विकत बसलेली
आणि मी मागच्या बाकावर, तुझ्या डाव्या काखेतली शिवण
धरते का तेवढं बघत.

धरली.

पोलिसांच्या बॅटऱ्या आल्या त्या पुढच्या महिन्यात.
सोमवारी तू दुकानात आलास, कारखान्याच्या डगल्यात,
कागदात गुंडाळलेलं साटीन, झालर फाटलेली, बुटाचा ठसा.
काय झालं ते मी विचारलं नाही.
तू विचारलंस, शनिवारपर्यंत होईल?

सहासष्टच्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रात आलं:
ही वस्ती आता गोऱ्यांची.
आमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्या कागदात
मासळीच बांधली, दुसरं काय करणार.
मग एकेक घर, एकेक भिंत.
खाटीक एका दिशेला, मेहुणी दुसऱ्या,
हॉलची फरशी पावसात उघडी,
आणि ट्रकवर माझं मशीन, उलटं, पाय वर करून.

तुझा शेवटचा झगा कुणी न्यायला आलंच नाही.
दोन रँड जमा, साडेचार बाकी.
नवीन घरात, वाळूच्या माळावर,
तो कपाटात टांगला. बायको म्हणाली, कुणाचा?
मी म्हटलं, गिऱ्हाइकाचा.

परवा, म्हणजे झाली त्याला नऊ वर्षं,
बसच्या रांगेत दिसलास. टक्कल, पोट सुटलेलं,
हातात कोबी.
मला ओळखलंस, आणि लगेच बसच्या पाटीकडे बघायला लागलास.
जवळ जाऊन मी हळूच म्हटलं,
आत माया ठेवलीय मी, दोन्हीकडे तीन-तीन बोटं.
उसवून मोठा होईल.

बस आली. लोक ढकलायला लागले.
कोबी छातीशी धरून
तू हसलीस.