रिकामं वजन

वडनेरच्या अलीकडे, टायर रिमोल्डच्या दुकानाला लागून
कुंभऱ्याचं टिनाचं शेड.
जमिनीत पुरलेले दोन लोखंडी रूळ
आणि एक संगणक, त्याच्यावर उशीची खोळ.

मार्च संपत आला होता. माझ्या खिशात यादी :
मोठा टर्बो, मोकळा सायलेन्सर, नवा मॅप.
दोनशे घोडे पाहिजेत, म्हटलं.
तो गाडीला मागून पट्टे आवळत होता.
"आता किती हायेत?"
कंपनीच्या कागदावर एकशे पंचेचाळीस.
"कागदावर नाई. हिच्यात."

मग चौथा गियर, आणि पाय खाली.
टिन थरथरलं, रिमोल्डवाल्याची कुत्री पळाली,
काटा एकशे साठवर गेला
आणि समोरचा कडुनिंब जागचा हलला नाही.

एकशे तीन. मग एकशे एक. मग शहाण्णव.
घोडे थकतात का, विचारलं.
"घोडे नाई थकत. हवा तापते."
त्यानं भिंतीवरचा पारा पाहिला, चाळीस,
हवेचा दाब टाकला, ओलावा टाकला,
एकशे तीनचे एकशे नऊ झाले.
मी हसलो.
"हासू नको. हे सहा तुह्ये नाईत, उन्हाचे हायेत.
दुसऱ्याच्या मशीनवर दुसरेच दिसतीन.
अन् इंजिनापासून चाकापर्यंत येता येता
वीस-बावीस गियरबॉक्स घेते.
तो चोर नाई बाप्पा, हमाल हाये."

हमाली मला शिकवायची नव्हती.
नऊ वर्षं मी जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो.
दुसऱ्याच्या कापसात सुई खुपसून
ओलावा वाचतो, भाव कापतो,
आणि गाडी रिकामी तोलल्याशिवाय
पावती फाडत नाही, कोणाचीही असो.

चौदा मात्र ना उन्हात सापडत होते
ना हमालीत.

माझी नजर रेघेच्या टोकावर.
त्यानं पेचकसानं खाली टोचलं :
"सारे शेंडा पाहतेत. पोट पाह्य."
तीन हजार चारशेवर रेघ झोळीसारखी लोंबली होती,
खाली मिश्रणाची दुसरी रेघ,
तिथंच नेमकी पेट्रोलकडं कललेली.

बॉनेट उघडलं.
फिल्टरच्या घड्यांत रुई, पांढरी, दाबून बसलेली,
गंजीशेजारी लावलेल्या गाडीनं
दोन हंगाम ओढलेली.
आणि टर्बोच्या पुढं, क्लिपेच्या खाली,
रबरी नळीला बोटभर चीर.
"हवा मोजून आत जाते," तो म्हणाला,
"वाटेत सांडते. पेट्रोल मातर मोजल्या हवेचंच."
काट्यावर तोलून गंजीकडं निघालेला मेटॅडोर
रस्ताभर कापूस सांडत जातो,
पावतीवर तो सगळा असतो,
हे मी रोज खिडकीतून पाहतो.

"याच्यावर मोठा टर्बो बसवला असता तर?"
"मोठं भोक पडलं असतं."

पंधराशे घेतले त्यानं.
यादी परत दिली, घडी न उघडता.
नळी बदल, फिल्टर बदल,
हेच मशीन, हाच गियर, टायरात हीच हवा,
मंग ये. मंग बोलू.

तो कागद आता काट्याच्या केबिनमध्ये टाचलाय,
दरपत्रकाच्या बाजूला.
काल शालिग्राम बोंद्रे पावतीसाठी वाकले,
चष्मा वर करून म्हणाले,
"कोनाचा ईसीजी हाये? मधात दबला दिसते."
माझाच, म्हटलं.
मागून हॉर्न वाजला.
रिकामा मेटॅडोर काट्यावर चढला.
इंजिन बंद कर, मी ओरडलो,
आणि ते पोट्टं उतरव खाली,
तेही वजनात येतं.