कोरडा की ओला

चाळीस वर्षं धान्य कोठारावर ट्रक दुरुस्त केले,
त्या आवाजांनीच माझे कान खाल्ले.
आता गाडी गचके देते ते सीटमधून कळतं,
स्टिअरिंगमधून मनगटात चढतं,
पण ती नेमकं काय म्हणते, ते नाही कळत.

म्हणून शेजारच्या हौगेनांची ब्रिन.
वय बारा. तासाला पाच डॉलर,
कंटाळा आला तर उठून जायची मुभा.

बॉनेट उघडं. चौऱ्याऐंशी सालची फोर्ड पिकअप,
एका रांगेत सहा सिलिंडर,
दारावर सहकारी संघाचं पुसट नाव.
"काय करते?" मी विचारलं.
तिने वहीत लिहिलं: खोकते.
"कोरडा की ओला?"
तिने माझ्याकडे असं पाहिलं, की
कानांमागोमाग म्हाताऱ्याचं डोकंही गेलं.

मग सांगितलं. ओला म्हणजे फडफडत,
काळा धूर, पेट्रोलचा वास,
तोंडात घास असताना हसू फुटावं तसा.
कोरडा म्हणजे...
तिने हात वर करून मला थांबवलं, लिहिलं:
ग्लास संपल्यावरही स्ट्रॉने ओढत राहतो ना, तसा.

डिप्लोमावाल्या पोरांना वर्षभर शिकवून
हे वाक्य मिळालं नव्हतं मला.

पण मी हट्टी. सहाही प्लग काढले.
टोकं बदामी हवीत, निघाली पांढुरकी.
तिचंच खरं, पेट्रोल कमी पडत होतं.
तरी रात्री दिवे मालवून वायरींवर पाणी फवारलं,
ठिणगी कुठे वाट चुकतेय का बघायला.
अंधारात दोघं उभे, डास सोडून कोणी चमकलं नाही.
फिल्टर जॅमच्या बाटलीत झटकला: चिमूटभर गंज.
स्क्रूड्रायव्हरची मूठ जबड्याला टेकवून
हाडातून पंप ऐकला,
एवढं अजून येतं मला.
पंप बिचारा इमानदार.

थंड असताना शहाणी. वीस मिनिटांनी
कालव्याजवळच्या चढावर आचके,
दहा मिनिटं रुसून बसणार,
मग काही झालंच नाही अशी निघणार.
मी फोर्ड कंपनीला शिव्या घातल्या, कॉइलला,
पेट्रोलात मक्याची दारू मिसळणाऱ्या सरकारला.
ब्रिनने त्यातल्या दोन वहीत उतरवून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी, चढावरच बंद पडलो तेव्हा,
पेट्रोल किती उरलंय बघू म्हणून झाकण फिरवलं
आणि तिची मान वळली.
पुन्हा कर, ती खुणेने म्हणाली.
पुन्हा काय होणार, हवा आत गेली होती.
वीस मिनिटं फिरून आलो. या वेळी
झाकण तिने उघडलं, आणि माझा तळहात
ओढून टाकीच्या तोंडावर ठेवला.

टाकीने माझा हात चोखला.
वासरू बोट चोखतं तसा.

मागच्या वसंतात जुनं झाकण पंपावर विसरलो.
नवं घेतलं सात डॉलरना, गच्च बसतं म्हणून खूश होतो.
जुनं जरा सैल होतं. त्याच्या फटीतून
टाकी हवा घ्यायची, आणि आम्हाला
तीस वर्षं ते कधी ऐकू आलं नाही.

ॲशट्रेमध्ये माझी कानाची यंत्रं पडलेली असतात.
फार्गोहून मुलगी फोनवर विचारते, घालता ना?
घालतो, म्हणतो,
ती तेच विचारत असावी असं धरून.

झाकणाऐवजी फडकं कोंबून चाचणीला निघालो.
करार असा: इंजिन चुकलं की कोपराला टिचकी.
चढ गेला. गुसफेल्डांचं पडकं कोठार गेलं.
अठरा मैल, टिचकी नाही.
एकोणिसाव्याला बसली.

पाय ब्रेकवर. पोटात गोळा. ती मात्र
खिडकीतून वर बोट दाखवत होती:
दक्षिणेकडे निघालेले क्रौंच, शेकड्यांनी,
सगळ्यांच्या चोची उघड्या.

इंजिन बंद केलं.
"कोरडा की ओला?"

ती बराच वेळ ऐकत राहिली,
पेन्सिल दातात.