पाठकोरे

ब्रनोमधल्या जुन्या लोकरगिरणीत, तिसऱ्या मजल्यावर
फेब्रुवारीची बैठक.
काचेला आतून वाफ, बाहेरून बर्फ,
आणि मी इतिवृत्त लिहायला.

नऊ देश, चौदा संस्था, कॉफीचं यंत्र एक.
ते बंद पडलं
तेव्हा पहिल्यांदा सगळे मिळून काहीतरी दुरुस्त करताना दिसले.

एरवी कलम सात.
कलम सात म्हणजे, आपल्या यंत्रणेत कुणी घुसलं तर
ते कुणी, कुणाला, किती तासांत सांगायचं.
लिस्बनच्या फिलोमेनाला हवं होतं ‘तात्काळ’,
तार्तूच्या मारिटला ‘शक्य तितक्या लवकर’,
पडद्यावरूनच हजर असलेल्या एका वकिलाला
‘उचित वाटेल तेव्हा’.
सव्वा तास.
मी तिन्ही लिहिले, तिन्ही खोडले.

हातचं राखून बोलणं हीसुद्धा भाषाच,
आणि तिला दुभाषा लागत नाही.

जेवताना कुणीतरी विचारलं,
तुमच्यात किल्लीला काय म्हणतात?
क्लीच, म्हणाला ओताकार.
क्ल्यूच, कोपऱ्यातून झ्वोंको.
मारिट म्हणाली, व्हॉती.
फिलोमेना म्हणाली शाव्ह, आणि मला हसू आलं.
माझ्या भाषेत ती कधीची राहायला आलीय,
चावी म्हणून.
गलबतातून उतरली ती परत गेलीच नाही.
तिच्याकडे कुणी करारावर सही मागितली नव्हती.

झ्वोंको दोन दिवसांत तेवढंच बोलला होता.
स्लोव्हेनियाच्या डोंगरातलं नव्वद खाटांचं रुग्णालय,
तिथला एकटा संगणकवाला.
त्याची पाळी आली तेव्हा स्लाइड नाही, काही नाही,
त्याने कापडी पिशवीतून एक गठ्ठा काढला.

‘नोव्हेंबरातली रात्र. सगळं गोठलं,’ तो म्हणाला,
‘चालू राहिले फक्त प्रिंटर.
प्रत्येक मजल्यावर एकच चिठ्ठी.
तुमच्या फायली आमच्याकडे आहेत. रक्कम. मुदत.
छापतायत, छापतायत,
कागद संपेपर्यंत.
पहाटे सिस्टरांना औषधं लिहायला कागद हवा.
कोरा एक नाही.
मग त्यांनी हेच उलटे केले.’

गठ्ठा टेबलावरून फिरला.
पुढून धमकी.
पाठीवर बॉलपेन :
खाट अकरा, इन्सुलिन सहा युनिट.
खाट चौदा, ताप उतरला, सूप मागतात.
खाट तीस, मुलीला फोन करा, आपल्या मोबाइलवरून करा.
नावं तेवढी त्याने कात्रीने कापून काढली होती.
प्रत्येक कागदाला एक चौकोनी खिडकी,
तिच्यातून पलीकडच्याचा चेहरा दिसायचा, अर्धा.

मारिटने तिचा कागद परत सुलटा केला.
कुणी वाचत नाही ती बाजू
ती बोट ठेवून वाचत गेली.
‘दुसऱ्या ओळीत एक अक्षर चुकलंय,’ ती म्हणाली.
आणि मग, बऱ्याच वेळाने,
‘आमच्याही चिठ्ठीत हेच चुकलं होतं.’

‘कधी?’

‘त्याआधीच्या मार्चमध्ये.’

झ्वोंको बोटांवर मोजायला लागला.
एप्रिल, मे...
आठावर आल्यावर त्याने हात टेबलाखाली घेतला.

फिलोमेना उठली, दार लावून आली.
‘पाणीपुरवठा,’ म्हणाली. ‘जून.’
पडद्यावरचा वकील हातवारे करत होता,
त्याचा माइक बंद होता,
ते त्याला कुणी सांगितलं नाही.

मी पेन खाली ठेवलं.
नंतर लिहिलं, ‘कलम सातवर चर्चा झाली.’
खोटं नाही ते.
कलम पुढच्या बैठकीवर गेलं, ती मे महिन्यात.

अंधार पडल्यावर जिन्यात
मारिटने त्याचा नंबर मागितला.
कार्ड त्याच्याकडे नव्हतं.
गठ्ठ्यातला एक कागद त्याने उलटून पाहिला, पालटून पाहिला,
दोन्ही बाजू भरलेल्या.
मग भिंतीला टेकवून, समासात,
कापलेल्या खिडकीच्या कडेकडेने आकडे लिहिले.
खाली, आणखी बारीक :
रात्रीही चालेल.